लाईन देऊ का?

बातमी आली तेव्हा मी दारव्ह्याहून बोरी अरबला येणाऱ्या बसमध्ये होते. कॉलेज सुटलं होतं. मांडीवर वायरमन परीक्षेचं पुस्तक उघडं होतं आणि मी अर्थिंगचं पान तिसऱ्यांदा वाचत होते. फोन गफूरचाचांच्या दुकानाशेजारच्या टेलरमामांचा होता. ते एवढंच म्हणाले, "चाचा गेले वं पोरी. लवकर ये." मी विचारलं, "करंट लागला का?" तेवढ्यात आवाज तुटला. पुन्हा लावला तर फोन लागेना. पुढचा अर्धा तास मी त्या बसमध्ये कशी बसले ते मला नीट सांगता येणार नाही. आपलं माणूस गेल्याचं कळल्यावर आधी दुःख व्हायला पाहिजे... मला आधी भीती वाटली. चाचांची पन्नास वर्षांची एक सवय गेल्या तीन महिन्यांत मोडली होती आणि ती माझ्यामुळे मोडली होती. त्याच सवयीनं आपल्याला आजवर जिवंत ठेवलं, असं ते स्वतः सांगायचे. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, की चाचांना मी मारलं.

मी पोचले तेव्हा त्यांना दुकानामागच्या खोलीत खाटेवर ठेवलं होतं. बायका रडत होत्या. चाचींनी मला जवळ ओढलं, पण मी आधी चाचांच्या हाताकडे पाहिलं. उजव्या हाताकडे. आधी बोटांची टोकं, मग तळवा, मग मागची बाजू. कुठं काळं पडलंय का, कातडी जळलीय का... काही नव्हतं. बोटांवर नेहमीसारखा वार्निशचा पिवळा डाग होता. डॉक्टर येऊन गेले होते, हृदय बंद पडलं असं त्यांनी सांगितलं होतं. तरी माझा विश्वास बसेना. मी उठून दुकानात गेले. दुकानाचा बोर्ड घराच्या बोर्डापासून वेगळा. त्याचा मेन स्विच खाली होता, म्हणजे बंद, फ्यूजची जागा रिकामी, आणि स्विचच्या दांडीला पुठ्ठ्याची एक पाटी सुतळीनं टांगलेली होती: 'माणूस कामावर आहे. लाईन देऊ नये.' खाली नावाच्या जागी निळ्या स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, गफूर. ती पाटी मी केली होती. ती पाहिली तेव्हा मला रडू आलं.

मी लिहिणारी नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीला काही पाठवायची ही पहिलीच वेळ. पण चाचांबद्दल कोणीतरी लिहायला पाहिजे असं वाटलं. बोरी अरबच्या बाजारात, बस थांबते तिथून आत गेलं की डाव्या हाताला त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटरीतली तांब्याची जुनी तार काढायची, तिचे फेरे मोजून लिहून ठेवायचे आणि तितक्याच फेऱ्यांची नवी तार भरायची, हे त्यांचं काम. आर्णीपासून, बाभुळगावपासून लोक मोटरी घेऊन यायचे. पावसाळा संपून विहिरीवरच्या मोटरी सुरू झाल्या की दुकानाबाहेर त्यांची रांग लागायची. भिंतीवर त्यांचा वायरमनचा परवाना काचेत लावलेला होता, त्यातल्या फोटोत दाट केसांचा एक पोरगा होता. गिऱ्हाईक विचारायचं, "चाचा, हे कोण?" चाचा म्हणायचे, "माहा मोठा भाऊ व्हता. लय शिकलेला."

मी बारावीत असताना आमची मोटर जळाली. आमचा तांडा गावापासून तीन किलोमीटर. माझ्या बापूनं मोटर गाडीवर मागे बांधली आणि ती धरायला मला बसवलं. दुकानात चाचा जुनी तार उकलत फेरे मोजत होते, मध्येच कोणीतरी येऊन भाव विचारला आणि ते विसरले. पुन्हा सुरुवात. पुन्हा कोणीतरी आलं. तिसऱ्यांदा विसरले तेव्हा मी हळूच म्हटलं, "बेचाळीस झाले होते." चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू मोजून राह्यली व्हती का?" मी मान हलवली. मग बापूला म्हणाले, "राठोड, हे पोरगी इथं ठेवून जा. मोटर घेऊन जा." बापू हसले. पण दुसऱ्या दिवशी मी खरंच गेले, आणि मग सुट्टीच्या दिवशी, कॉलेज सुटल्यावर, जात राहिले. तांड्यातल्या बायका याडीला, म्हणजे माझ्या आईला, विचारायच्या की पोरगी मिस्त्र्याच्या दुकानात कायले जाते. याडी म्हणायची, मोजायले.

आधी मला फक्त मोजायचं काम होतं. नंतर कागदाच्या पट्ट्या कापणं, कॉइल बांधणं, वार्निश लावणं... बाहेरची कामंही असायची, विहिरीवरचे स्टार्टर, घरांची फिटिंग. तिथं चाचांचे दोन नियम होते. पहिला नियम हाकेचा. मेन स्विच वर करण्याआधी ओरडून विचारायचं, "लाईन देऊ का?" आणि समोरून "दे!" असं ऐकू आल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही. दुकान आठ बाय दहाचं. मी चाचांच्या खांद्याला खांदा लावून उभी असले तरी हाक मारावी लागायची. एकदा मी हळू विचारलं तर म्हणाले, "काहून वं, लाजून राह्यली का? लाईन मागाले आली का मांडवात बसाले?" मागच्या खोलीतून चाचीसुद्धा मिक्सर लावताना ओरडायच्या, "लाईन लेऊं क्या?" आणि चाचा हातातलं काम थांबवून म्हणायचे, "ले!"

दुसरा नियम उलट्या हाताचा. कोणत्याही मोटरीला, खांबाला, लोखंडी पेटीला हात लावायचा तर आधी उजव्या हाताची मागची बाजू लावायची, बोटांच्या गाठींकडची. चाचांनी मला समजावलं होतं, "सरळ हात लावला अन् करंट असला त मूठ आवळते. सुटत नाही. उलटा लावला त हात झटक्यानं फेकल्या जाते." त्यांच्या तरुणपणी त्यांच्यासोबत काम करणारा एक जण विहिरीवर मोटर धरून तसाच चिकटून राहिला होता. चाचा दहा पावलांवर होते. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांचा हात आधी उलटा जायचा. मोटरीला तर जायचाच, पण घरच्या फ्रिजलाही, बसच्या दाराच्या दांडीलाही. वर्षभरात माझाही जायला लागला. याडी म्हणायची, "तवा गरम हाय का पाहून राह्यली का?"

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना चाचांनीच वायरमनच्या परवान्याचा विषय काढला. लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी अशी परीक्षा असते. अनुभवाचा दाखला लागतो, तो त्यांच्या ओळखीच्या एका ठेकेदारानं दिला. परवाना मिळाला तर मी माझ्या नावानं काम घेऊ शकणार होते, सह्या करू शकणार होते. चाचांना मुलंबाळं नव्हती. ते कधी स्पष्ट बोलले नाहीत, पण भिंतीवर स्वतःच्या परवान्याशेजारी त्यांनी एक खिळा ठोकून ठेवला होता. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "कॅलेंडरले." कॅलेंडर दुसऱ्या भिंतीवर होतं.

परीक्षा अमरावतीला झाली. लेखी चांगली गेली. प्रात्यक्षिकात मला एक मोटर आणि स्टार्टर दिला. परीक्षक वयस्कर होते, चष्म्याला दोरी बांधलेली. ते म्हणाले, "ही मोटर जोडायची आहे. सुरू करा." मी पुढे झाले आणि काही विचार करायच्या आत माझा हात गेला... उलटा. मोटरीच्या अंगाला. टेबलावर टेस्टर ठेवलेला होता, तो तसाच राहिला. परीक्षक म्हणाले, "थांबा." सगळ्या हॉलमध्ये शांतता झाली असं मला वाटलं, खरी झाली का माहीत नाही. "टेस्टर कशासाठी ठेवलाय?" मी टेस्टरकडे पाहिलं. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी मान खाली घातली. ते रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. ते एवढंच म्हणाले, "असं करणाऱ्याला मी परवाना दिला आणि उद्या काही झालं तर सही माझी असते, बाळ." पुढचं सगळं मी बरोबर केलं. निकालात लेखी पास, प्रात्यक्षिक नापास.

नापास झाल्याचं दुःख किती मोठं असतं ते घरात आधी कोणी नापास झालेलं असेल तर कळतं. आमच्या घरात कोणी परीक्षेलाच बसलं नव्हतं. बापूनं विचारलं, "म्हणजे आता कॉलेजातून काढतीन का?" मी नाही म्हटलं तर ते निवांत झाले. पण मला झोप लागेना, जेवण जाईना. दारव्ह्याला वर्गात बसले की बोटांच्या गाठी बाकाला लागायच्या आणि मी हात मांडीखाली दाबून ठेवायची. माझा हात माझं ऐकत नाही, ही भीती वेगळीच असते. अभ्यास कमी पडला तर अभ्यास वाढवता येतो. हाताचं काय करायचं? पुढच्या वेळी हॉलमध्ये तो पुन्हा माझ्या आधी पुढे गेला तर?

आणि चाचांना काय सांगायचं? त्यांनी विचारलं, "कुठं चुकलं?" मी म्हटलं, "लेखीत कमी पडले." तोंडातून निघून गेलं. आजवर त्यांच्याशी मी खोटं बोलले नव्हते. चाचा म्हणाले, "लेखी काय, होऊन जाते." दुसऱ्या दिवशी ते स्वतः यवतमाळला जाऊन एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. त्यांना मराठी वाचायला वेळ लागायचा. म्हणून ते तार गुंडाळत बसायचे आणि मी मोठ्यानं वाचायची, असा क्रम सुरू झाला. मला पाठ असलेली पानं मी त्यांना रोज वाचून दाखवत होते. मध्येच ते म्हणायचे, "पाह्य, हे त आपण करतोच. यात काय कठीण हाय?" आणि मला शरमेनं मान वर करता यायची नाही.

पंधराएक दिवसांनी सुरक्षिततेचं प्रकरण आलं. मी वाचत होते: उपकरणाला स्पर्श करण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा, फ्यूज काढावा, सूचना फलक टांगावा, टेस्टर आधी चालू लाईनवर तपासून घ्यावा, मग उपकरण तपासावं... पुढची ओळ होती, शरीराच्या कोणत्याही भागानं विद्युतप्रवाह तपासू नये. तिथं मी थांबले. "वाच ना, काहून थांबली?" चाचा म्हणाले. मी वाचली. अडखळत. त्यांनी तारेचा रीळ खाली ठेवला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. "लेखीत नाही ना चुकली तू?" मी मान हलवली. "इथं चुकली?" मी त्या ओळीवर बोट ठेवलं. ते हात उलटा-सुलटा करून कितीतरी वेळ पाहत राहिले, जणू दुसऱ्याच कोणाचा असावा. "मले यानंच वाचवलं," ते म्हणाले, "अन् तुले यानंच पाडलं." मग उठले आणि तोंड धुऊन आले. त्या दिवशी पुढचं वाचन झालं नाही.

मला वाटलं, आता ते मला येऊ नको म्हणतील. दुसऱ्या दिवशी गेले तर चाचा टेस्टर खिशाला लावून बसले होते. नवा होता. म्हणाले, "आपण दोघं बसू परीक्षेले. ज्याचा हात पह्यले उलटा गेला, त्यानं दुकान झाडाचं." मी पाटी केली, जुन्या वहीचा पुठ्ठा, वर पांढरा कागद. पुस्तकात पाटीचा एक नियम होता तो मी त्यांना सांगितला: ज्यानं लावली त्यानंच काढायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. चाचांना तो नियम फार आवडला. "म्हणजे माही पाटी असली त मोठा साहेब बी आला तरी लाईन नाही देऊ शकत?" "नाही." "वा!" आणि त्यांनी स्केचपेन मागून स्वतःचं नाव लिहिलं.

पहिला महिनाभर दुकान तेच झाडत होते. मीही झाडायची, पण ते जास्त. हात अर्ध्यात गेला की स्वतःच ओरडायचे, "गेला रे गेला!" आणि झाडू घ्यायचे. टेलरमामा दारात उभे राहून म्हणायचे, "चाचा, या उमरीत शाळा?" चाचा म्हणायचे, "मग? मास्तरीण पाह्य, नापास झालेली हाय. पास झालेल्याची फी परवडत नाही." आतून चाची म्हणायच्या, "चलने दो, मेरी दुकान इतनी साफ कभी नहीं थी." मला हसू यायचं. मी शिकत होते ते ठीक. पण चाचांचा हात थांबायला लागला तेव्हा मी घाबरले. सत्तरीला आलेला माणूस. नजर कमी झालेली. टेस्टरचा दिवा उन्हात दिसत नाही असं ते दोनदा म्हणाले होते. विसरून जातील, पाटी लावतील आणि फ्यूज काढायचा राहील, नवं पुरतं अंगात मुरलेलं नाही आणि जुनं तर सुटलं... मी एकदा म्हटलंसुद्धा, "चाचा, तुम्ही तुमचं जुनंच करा. परीक्षा मला द्यायचीय." ते म्हणाले, "मी उलटा हात लावला का तुहा बी जाते. पाहून पाहूनच त शिकली तू." मी पुन्हा पुस्तक उघडलं.

शेवटची भेट त्यांच्या जाण्याच्या आदल्या दिवशीची. फेरपरीक्षेचं प्रवेशपत्र आलं होतं, ते दाखवायला गेले. त्यांनी ते दिव्याखाली धरून पूर्ण वाचलं, माझा फोटोही पाहिला. मग विचारलं, "भेव वाटते का?" मी म्हटलं, "हाव. लय." मला वाटलं, आता धीर देतील. ते म्हणाले, "मले बी वाटते." "परीक्षेचं?" "करंटचं. रोज वाटते. सकाळी शटर उघडलं का वाटते." मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. सगळ्या पंचक्रोशीत ज्यांचं नाव बिनधास्त माणूस म्हणून घेतात ते हे चाचा. "उलटा हात म्हणजे तुले काय वाटलं, हुशारी व्हती? भेव व्हतं थे. पण भेव वाटलं म्हणून कोणी हाताचा टेस्टर करते का? चांगला टेस्टर घेते ना माणूस." आणि हसून खिशावर थाप मारली. मी निघाले तेव्हा ते एक मोटर पुढे ओढत होते, पाच एचपीची, बाभुळगावकडच्या एका काकांची. "उद्या हे बी होऊन जाते," म्हणाले.

ती मोटर त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भरली. हे मला चाचींनी नंतर सांगितलं. त्यांना सांगता यावं आणि मला विचारता यावं, याला दोन आठवडे गेले. त्या म्हणाल्या, काम संपवून ते आत आले, हात धुतले, चहा मागितला. चहा उकळत होता तेवढ्यात खुर्चीत मान कलली. "बस, इतनाच." मी विचारलं, "आत येताना काही म्हणाले का?" चाचींनी आठवून सांगितलं, "बोले, पाटी लगाके आया हूँ, कोई लाईन को हाथ मत लगाना. चाय पीके टेस्टिंग करता हूँ." म्हणजे त्यांनी सगळं क्रमानं केलं होतं. मेन बंद, फ्यूज बाहेर, पाटी. मी सुटल्यासारखी झाले... आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली, की यांचा माणूस गेला आणि मी माझी सुटका शोधतेय. चाचींना मी ते सांगितलं. बसमधलं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "परीक्षा कब है तेरी?"

फेरपरीक्षेला मी एकटीच गेले. बापू येतो म्हणत होते, मी नको म्हटलं. मला सोबत असती तर मी रडले असते. हॉल तोच, परीक्षकही तेच, चष्म्याची दोरी तीच. माझा नंबर येईपर्यंत मी उजवा हात डाव्या हातात धरून बसले होते. समोर पुन्हा मोटर आणि स्टार्टर. मी स्विच बंद केला. फ्यूज काढून खिशात ठेवला. पिशवीतून माझी स्वतःची पाटी काढून टांगली. टेस्टर शेजारच्या चालू पॉइंटवर पाहिला, मग मोटरीवर. हात मध्येच एकदा वळू लागला होता, मनगटापासून. मला ते जाणवलं. परीक्षकांना दिसलं की नाही कोणास ठाऊक. मी तो थांबवला. जोडणी झाली, माझी पाटी मी काढली, फ्यूज बसवला. स्विचकडे हात नेला आणि त्या भरल्या हॉलमध्ये माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "लाईन देऊ का?" मागच्या रांगेतली दोन पोरं फिसकन हसली. परीक्षकांनी वहीतून मान वर केली. मला वाटलं, गेलं. पुन्हा गेलं. त्यांनी मोटरीकडे पाहिलं, आजूबाजूला कोणी उभं नाही ना ते पाहिलं, आणि म्हणाले, "द्या."

तोंडी परीक्षेत त्यांनी पाटीवरूनच विचारलं. "ही पाटी कोण काढणार?" मी म्हटलं, "ज्यानं लावली तो." "आणि तो माणूस परत आलाच नाही तर?" त्यांना काहीच माहीत नव्हतं. तो त्यांचा नेहमीचा प्रश्न असेल. मला काही सेकंद हॉल दिसेनासा झाला. बोरी अरबच्या बोर्डावर पाटी तशीच होती, कोणी तिला हात लावला नव्हता. मी पुस्तकात वाचलेलं आठवून कसंबसं सांगितलं, "आधी खात्री करायची... तो माणूस लाईनवर नाही याची. त्याच्या माणसांना विचारायचं. त्यांनी सांगितलं तर मग काढायची." त्यांनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दिसलं नाही. निकाल अजून लागलेला नाही. पास होईन असं म्हणायची मला हिंमत होत नाही. ते वळू लागलेलं मनगट परीक्षकांना दिसलं असेल का, हाच विचार रोज येतो.

गेल्या रविवारी बाभुळगावकडच्या काकांचा फोन आला. चांगला माणूस, इतके दिवस त्यांनी मोटरीचा विषय काढला नव्हता. मी चाचींकडून किल्ली घेतली आणि शटर वर केलं. चाची इद्दतमध्ये आहेत, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घरात राहायचं, त्यामुळे त्या मागच्या खोलीत पडद्याआडच थांबल्या. दुकानात वार्निशचा वास तसाच होता. मोटर जागेवर होती, कॉइल बांधलेल्या दोऱ्याच्या चाचांच्या हातच्या गाठी एका ओळीत. फक्त टेस्टिंग राहिलं होतं. आमच्याकडे ते दिव्यानं करतात. दिव्याच्या तारेचं एक टोक मोटरीच्या अंगाला, दुसरं आतल्या तारेला. दिवा पेटला तर आत कुठंतरी तार अंगाला लागलीय, सगळं काम पुन्हा. दिवा पेटलाच नाही तर मोटर चांगली. नवीन गिऱ्हाईक नेहमी फसायचं, दिवा लागत नाही म्हणून तोंड पाडायचं, आणि चाचा हसायचे.

मी दोन्ही टोकं लावली. फ्यूज त्यांच्या पितळी डबीत होता, तो घेतला. मग मेन स्विचपुढं उभी राहिले. पाटीवर धूळ बसली होती. नियम त्यांच्या आवडीचा होता, मोठा साहेब आला तरी हात लावायचा नाही. मी हाक मारली, "लाईन देऊ का?" नेहमी मारायची तशी, मोठ्यानं. बाजारातला आवाज ऐकू येत होता, टेलरमामांची शिलाई मशीन थांबल्याचं ऐकू आलं. मी उभीच राहिले. मला वाटतं, मी तशीच शटर ओढून परत गेले असते. काकांना काहीतरी कारण सांगितलं असतं.

पडद्यामागून चाचींचा आवाज आला. "दे, बेटा."

मी पाटी काढली, फ्यूज बसवला, स्विच वर केला आणि दिव्याकडे पाहत राहिले. काच तशीच राहिली, काळपट, थंड.

"लगा क्या?" चाचींनी विचारलं.

"नाही लागला, चाची."

"मतलब अच्छा है ना?"

"हाव," मी म्हटलं. "चांगली भरलीय."